वडिलांच्या नावावर पाच दिवस

माझ्या कंत्राटात रजा हा शब्दच नाही. तिथे ‘अनुपलब्धता’ असं लिहिलेलं आहे. मी अनुपलब्ध झालो तर माझ्या जागी दुसरा माणूस आणायचा अधिकार वरच्यांना आहे, आणि एकदा दुसरा येऊन बसला की पहिल्याला कोणी परत बोलावत नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. याला एकच सूट आहे. आई, वडील, बायको किंवा मूल, यांपैकी कोणी गेलं तर पाच दिवस जागा राखून ठेवतात. भाऊ-बहीण धरत नाहीत, सासू-सासरे धरत नाहीत. सही करताना मी ते कलम डोळ्यांखालून घातलं आणि पान उलटलं. मरणाचं कलम नीट कोण वाचतं?

काम तसं साधं आहे. परदेशातल्या एका विमा कंपनीचं जुनंपुराणं सॉफ्टवेअर आहे, ते ज्यांनी लिहिलं ते कधीच निवृत्त झाले, आणि आता ते बंद पडू नये म्हणून आम्ही आठ-दहा जण वेगवेगळ्या गावांत बसून त्याला ठिगळं लावतो. मधे पुण्याची एक संस्था आहे, ती माझ्यासारखी माणसं पुरवते. मी विमा कंपनीचा नोकर नाही आणि पुण्याच्या संस्थेचाही नाही. हिंगोलीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दार लावून बसणारा स्वतंत्र सल्लागार आहे. गल्लीला यातलं काही पटत नाही. तिथे मी कॉम्प्युटरवाला. लोक बिघडलेला प्रिंटर घेऊन येतात, पीकविम्याचा फॉर्म भरून दे म्हणतात. मला ते येत नाही म्हटलं की म्हणतात, विम्याचंच काम करतोस ना, मग येत कसं नाही?

वडिलांनाही हे काम कधी कळलं नाही, पण त्यांचा आक्षेप वेगळा होता. ते एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं गाड्या लावल्या, गाड्या सोडल्या. अर्जित रजा, किरकोळ रजा, आजारपणाची रजा हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं, आणि निवृत्त होताना किती रजा शिल्लक होती हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगत. “बिनरजेची नोकरी म्हंजे नोकरी न्हाई, वेठ हाय,” असं ते मला म्हणायचे. मी म्हणायचो, ही नोकरी नाहीच. ते म्हणायचे, “मंग तं अजूनच वाईट.”

दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं. शिरड शहापूरला आमचं थोडं रान आहे, त्यात हळद असते. काढून झाली की शिजवायची, वाळवायची. हे सगळं ते गड्यांना घेऊन करत आले होते आणि मी पंधरा वर्षांत तिकडे फिरकलो नव्हतो. त्या साली म्हणाले, “यंदा तू चल. पाच दिस. पुढच्या साली मला जमतं न जमतं.” मी पाहतो म्हणालो.

पुण्याच्या संस्थेत माझ्यासारख्यांची देखरेख करणाऱ्या एक मॅडम आहेत. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, बोलायला मोकळ्या. मी त्यांना सरळ खरं सांगितलं, की घरची हळद शिजवायची आहे, पाच दिवस हवेत. त्या हसल्या नाहीत. वर विचारून बघते म्हणाल्या, आणि संध्याकाळी फोन करून नाही म्हणाल्या. त्याच आठवड्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जायची होती. “सर, घरात तसं काही असतं तर मी लगेच केलं असतं,” असं त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

‘तसं काही’ म्हणजे काय ते मला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते कलम पुन्हा काढून वाचलं. चार माणसं होती. आईचं नाव घेववेना. बायको आणि मुलगी यांच्यापाशी तर मन फिरकलंसुद्धा नाही. राहिले वडील. ज्यांना माझे पाच दिवस हवे होते त्यांच्याच नावावर मी ते काढले. दोन ओळींचा मेल लिहिला, आणि चहा निवायच्या आत मंजुरी आली. मला वाईट वाटलं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. मला सुटल्यासारखं वाटलं.

त्याच दिवशी दुपारी आम्ही रानात होतो. हळद शिजवायच्या लोखंडी टाक्या भाड्याने आणल्या होत्या, त्यांत वाफ सोडली होती आणि सगळ्या शिवारात तो मातीचा, उग्र, गोडसर वास भरला होता. आई लिंबाखाली भाकऱ्या थापत होती. शिजली की नाही हे कसं ओळखायचं ते वडील मला दाखवत होते. गड्ड्यात बारीक काडी टोचायची, अलगद आरपार गेली तर शिजली. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. मी बांधाकडे गेलो. त्यांचा आवाज भरून आला होता. कसं झालं, विचारत होत्या. मी म्हटलं, अचानक गेले, झटका आला, त्रास झाला नाही. त्या खरोखर रडल्या. मी फोन ठेवून वळलो तर वडील हातात काडी घेऊन मागेच उभे होते.

“कोण गेलं रे?”

तोंडावर खोटं बोलायची माझी ताकद नव्हती. “तुमी,” म्हटलं.

त्यांनी हातातली काडी खाली केली. “कवा?”

“आज पहाटे.”

“काहून?”

“झटका आला.”

“बरं केलंस,” म्हणाले. “खाटेवर कुजून न्हाई गेलो.” मग मी सगळं सांगितलं, पाच दिवसांचं कलम आणि चार माणसं. त्यांनी ऐकून घेतलं. रजेच्या बाबतीत त्यांना कुठलीच युक्ती नवी नव्हती. त्यांच्या डेपोत एका ड्रायव्हरची आजी तीनदा वारली होती. पण ते हसले नाहीत. मला म्हणाले, “कोणी रडलं का?”

“मॅडम रडल्या.”

“खरंच रडली?”

“व्हय.”

“मंग ठीक हाय. कावळा शिवल्यावर आपण सोयऱ्याला मेल्याचा खोटा सांगावा धाडतो ना, तसं झालं. रडणारं खरं रडलं की वंगाळ टळतं. वाढलं माझं आयुष्य.” एवढं म्हणून ते टाकीकडे निघाले, आणि दोन पावलांवर थांबून म्हणाले, “आईला सांगू नको. तिच्या कपाळाचं कुंकू हाय ते. तिला हे चालायचं न्हाई.”

ते पाच दिवस मी त्यांच्यासोबत होतो. आधीच्या वीस वर्षांत बोललो नसेन एवढं आम्ही बोललो. ते कोणत्या साली कोणत्या गाडीवर कोण ड्रायव्हर होता ते सांगत आणि मी ऐकत बसे. कधी मधेच म्हणत, “मेलेल्या माणसाला पाणी आण जरा.” मी हसायचो. इतक्या वाईट रीतीने मिळालेले दिवस इतके चांगले जावेत, याचा मला तेव्हाही संकोच वाटत होता, पण थोडाच.

कामावर परतलो तेव्हा बोटं आणि नखं पिवळीजर्द होती, म्हणून हात कॅमेऱ्याच्या खाली ठेवून बसलो. मीटिंगच्या सुरुवातीला मॅडमनी सांगितलं की आपल्या सहकाऱ्याच्या वडिलांसाठी एक मिनिट शांत राहू. सगळे आपापल्या चौकटीत डोळे मिटून बसले, परदेशातले साहेबसुद्धा. मीही मान खाली घातली. माइक आधीच बंद केला होता, कारण अंगणात वडील दूधवाल्याशी पाण्यावरून भांडत होते.

इथवरची गोष्ट मी कोणाला सांगितली असती तर लोक हसले असते. पुढची सांगण्यासारखी नाही.

साधारण वर्षभराने मॅडमचे वडील गेले. त्या पंधरा दिवसांनी कामावर आल्या, आणि एका दुपारी त्यांनी मला फोन केला. काम काहीच नव्हतं. म्हणाल्या, “सर, ऑफिसात बाकी कोणाशी बोलावंसं वाटत नाही. तुम्ही यातून गेलाय. तुम्ही कसं सावरलात?”

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या क्षणी, तिथेच. मी रानात जाण्यासाठी खोटं बोललो होतो, तुमच्या वडिलांचं खरं आहे आणि माझं नाही, एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. उलट तासभर बोललो. आणि काय बोललो! रडू आलं तर अडवू नका म्हणालो. आईला एकटीला जेवू देऊ नका म्हणालो. त्यांच्या वस्तू घाईने आवरू नका, मी अजून वडिलांचा चष्मा रोज पुसून ठेवतो, असंही म्हणालो. तो चष्मा त्या वेळी पलीकडच्या खोलीत वडिलांच्या नाकावर होता आणि ते पेपर वाचत होते. सगळ्यांत लाजेची गोष्ट म्हणजे हे सगळं मला सुचत गेलं, एकामागून एक, अगदी ओघाने. त्या अधूनमधून ‘हो सर, हो’ म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, बरं वाटलं तुमच्याशी बोलून.

त्यानंतर त्या माझ्याशी वेगळ्या वागू लागल्या. माझी बाजू घेत. आईची चौकशी करत, सणावाराला ‘आईंना जड जात असेल’ म्हणत. मी हो म्हणत राहिलो. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो, तशी माझ्या घरात टेकूंची गर्दी झाली होती आणि तिच्यातून वाट काढत वडील चहा मागत फिरत होते.

या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांच्या किडनीने दगा दिला. नांदेडच्या दवाखान्यात नऊ दिवस होते. मी तिथे व्हरांड्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करत होतो. वडील आजारी आहेत असं सांगायची सोय मी माझ्या हाताने बंद केली होती, आणि त्याच महिन्यात कंत्राट पुढे वाढवायचं की नाही ते ठरायचं होतं. वर एका नव्या साहेबाने कंत्राटी माणसांची झाडाझडती सुरू केली होती, कारण कुठे कोणाच्या जागी भलताच माणूस काम करताना सापडला होता. खोटी माहिती दिलेल्या तिघांना एका दिवसात काढलं होतं. तेव्हापासून दर सोमवारी कॅमेऱ्यापुढे चेहरा दाखवायचा आणि तो जुन्या फोटोशी जुळला तरच काम उघडायचं, असा नियम आला होता.

नवव्या दिवशी सकाळी वडील गेले. शेवटचे दोन दिवस त्यांना शुद्ध नव्हती, त्यामुळे आमचं काही बोलणं झालं नाही. ॲम्ब्युलन्समधून त्यांना हिंगोलीला घेऊन येत होतो. आई पुढे ड्रायव्हरशेजारी होती, मी मागे त्यांच्यापाशी. वारंगा फाट्यावर ड्रायव्हरने पाच मिनिटं गाडी थांबवली. बाहेर वडापचे लोक कळमनुरी, कळमनुरी ओरडत होते. तेवढ्यात फोन वाजला. एका अडकलेल्या कामाचं काय झालं, असा मेसेज होता. मी वडिलांच्या पायाशी बसून ‘बघतो आहे’ असं उत्तर लिहिलं. दुसरं लिहिणार काय? एकाच माणसाचे वडील दोनदा मरत नाहीत.

कयाधूच्या काठी अग्नी दिला. त्या दिवशी, शुक्रवारी, तब्येतीचं कारण सांगून कसंबसं निभावलं, शनिवारी सुट्टीच होती. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो, अंघोळ केली आणि रविवार असूनही दार लावून साठलेल्या कामाला बसलो. पहिला सोमवार आला तेव्हा दाढी थोडी वाढलेली होती, चेहरा जुळला. मीटिंगला कॅमेरा बंद ठेवायचो, इंटरनेटला अडचण आहे म्हणायचो.

बाहेरच्या खोलीत लोक बसायला येत होते. शिरड शहापूरची भावकी, डेपोतले जुने कंडक्टर, गल्लीतल्या बाया. वडिलांचे एक मित्र होते, डेपोच्या वर्कशॉपला मेकॅनिक असलेले चाचा. ते रोज दुपारी येत, भिंतीला टेकून बसत आणि फारसं न बोलता उठून जात. पाचव्या की सहाव्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, “बेटा, तुमारे दफ्तर से कोई बैठने नै आया?”

मी म्हटलं, ते लांब असतात, चाचा.

“फोन तो आया होगा.”

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. पण आईने ते ऐकलं आणि तिच्या मनात ते घर करून बसलं. माझ्या कामाबद्दल वडील बाहेर फार फुशारकी मारत असावेत, कारण तिला ते अपमानाचं वाटायला लागलं. जेवायला बसलो की विचारायची, “आला का रे फोन?” आठव्या दिवशी म्हणाली, “इतकी वर्सं दार लावून काम करून राहिला त्या लोकायचं. तुझा बाप गेला, अन् एक मानूस तुला विचारत न्हाई? कसे लोक हायेत हे?” मी म्हणालो, कामाची गडबड आहे त्यांच्याकडे. ती म्हणाली, “मरनापुढं कायची गडबड?”

मला त्या लोकांची बाजू घ्यावीशी वाटली. ते तसे नाहीत, त्यांनी डोळे मिटून एक मिनिट शांतता पाळली होती, असं सांगावंसं वाटलं.

दहावा रविवारी आला. नदीकाठी न्हावी वस्तरा काढून बसला होता. मी एकुलता एक मुलगा, डोकं आणि मिशी दोन्ही द्यायची. मी त्याच्यापुढे बसलो आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो उद्याच्या सोमवारचा. हल्ली शहरातले कितीतरी लोक नुसते केस बारीक करतात. मला कामाचं असं असं आहे म्हणून सांगितलं असतं तर कोणी अडवलंही नसतं. भावकीतल्या एकाने हळूच विचारलंसुद्धा, “तुमचं फोटोबिटोचं काम असतं, बारीक करू का नुसते?” मी त्याच्याकडे बघितलं. बापाचं मरण एकदा खोटं केलं होतं, आता खरं झालं तर तेही अर्धंमुर्धं करायचं? मला स्वतःची किळस आली. “सगळं काढा,” म्हटलं. त्या सगळ्या दिवसांत नीट केलेली अशी तेवढी एकच गोष्ट मला आठवते.

सोमवारी सकाळी कॅमेऱ्यापुढे बसलो. पडद्यावर अक्षरं आली की चेहरा जुळत नाही. उजेड वाढवून पुन्हा बसलो. जुळत नाही. तिसऱ्यांदाही तेच झालं आणि काम बंद पडलं. तपासासाठी वर कळवलं आहे असं लिहून आलं. मी तसाच बसून राहिलो. बाहेर चाचा आले होते, भावकीतले चार-सहा जण सतरंजीवर होते, आत बाया होत्या. अर्ध्या तासाने फोनवर मॅडमचा व्हिडिओ कॉल आला.

“सर, तुमच्या नावाने इशारा आलाय. मला स्वतः बघून कळवायचं आहे. कॅमेरा चालू करता का?”

मी केला. त्या दचकल्या, आणि मग त्यांचा चेहरा एकदम हसरा झाला. “अहो सर, तिरुपतीला जाऊन आलात का? सांगायचं तरी! मी इथे घाबरले की तुमच्या जागी कोण बसलंय.”

खोटं या वेळी त्यांनीच तयार करून माझ्या हातात दिलं होतं. मला नुसती मान हलवायची होती. मी हलवली.

“नवस होता?”

“हो.”

“बरं झालं. काळजी करू नका, मी स्वतः लिहिते. तो नवा साहेब विचारत होता, या माणसाची खात्री कोण देणार म्हणून. मी म्हटलं, मी देते. मी यांना वाईट दिवसांत बघितलंय.”

हे त्या बोलत असताना दार उघडलं. मी कडी लावायला विसरलो होतो. आई चहा घेऊन आत आली. फोनमधून बाईचा आवाज ऐकला आणि तिथेच थांबली. “कोन हाय? पुन्याची बाई हाय का?”

मी काही बोलायच्या आत मॅडमच म्हणाल्या, “आई आहेत का? द्या ना सर, मला कितीतरी दिवस बोलायचंय त्यांच्याशी.”

आईने कप खिडकीत ठेवला, पदर सावरला आणि हात पुढे केला. इतके दिवस ती या एका फोनची वाट पाहत होती. मी फोन दिला. खरं तर कॉल तोडू शकलो असतो, इंटरनेट गेलं म्हणू शकलो असतो, त्यात मी तरबेज झालो होतो. पण तिचा तो पुढे आलेला हात बघितला आणि माझ्याच्याने झालं नाही.

“नमस्कार, आई,” मॅडम म्हणाल्या.

आई म्हणाली, “लई उशीर केला बाई तुमी.”

“हो आई, खरंच. खूप दिवस म्हणत होते, राहूनच गेलं.”

“रोज वाट पाहून राहिले मी. म्हनलं, एवढं मोठं हापीस, अन् एक फोन न्हाई. आज अकरावा दिवस हाय. काल नदीवर दहावा झाला.”

पलीकडे आवाज थांबला. मला पडदा दिसत नव्हता, तो आईकडे होता. तिची पाठ आणि पदर एवढंच मला दिसत होतं. मी भिंतीला हात लावून उभा होतो आणि आता मॅडम आईला काय म्हणतील, हेच माझ्या डोक्यात होतं. कंत्राटाचं मी तेव्हा खरंच विसरलो होतो. दोन वर्षं तुम्ही विधवाच आहात असं आम्ही समजत होतो, हे तिला आज, या वेळी, परक्या माणसाकडून कळणार होतं.

“आम्हाला कळायला उशीर झाला, आई,” मॅडम सावकाश म्हणाल्या. “माफ करा.”

आई रडायला लागली. मॅडमनी विचारलं, शेवटी फार त्रास झाला का? मग आई सांगत बसली. किडनीचं, नांदेडच्या नऊ दिवसांचं, शुद्ध नव्हती त्याचं, वाटेत ड्रायव्हरने कुठे गाडी थांबवली त्याचं. सगळं तारीखवार. मॅडम मधे एक-एक प्रश्न विचारत होत्या, घाई न करता. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. बसायला आलेल्यांपैकी कोणीही तिचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, “आई, एकट्या जेवत जाऊ नका.” आई हो म्हणाली, माझ्या हातात फोन दिला आणि डोळे पुसत बाहेर गेली. दार ओढून घ्यायच्या आधीच मला तिचा आवाज आला. ती चाचांना सांगत होती, “पुन्याहून बाईचा फोन आलता. लई चांगली हाय.”

मी फोन समोर धरला. मॅडमनी त्यांच्या बाजूचा कॅमेरा बंद केला होता.

“सर, मी कारण ‘धार्मिक विधी’ एवढंच लिहिते. तिरुपती लिहीत नाही.”

मी म्हटलं, “मॅडम, मी तुम्हाला सगळं सांगतो.”

“नको,” त्या म्हणाल्या. “रजेचं मला कळलं. रजेसाठी लोक काय काय करतात ते मी रोज बघते. एवढंच सांगा. माझे बाबा गेले तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता. तेव्हा तुमचे वडील कुठे होते?”

“घरीच होते.”

त्यांच्या बाजूने कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग म्हणाल्या, “तुमचं काम उघडलंय. लॉगिन करून बघा.”

मी करून बघितलं. उघडलं होतं.

कंत्राट पुढे वाढलं. सोमवारी चेहरा जुळतो. मॅडमचे मेल येतात, त्यांत कामापुरतं असतं. मीटिंगमध्ये त्या सगळ्यांची चौकशी करतात, कोणाच्या बाळाची, कोणाच्या आजारी सासूची, आणि माझ्या चौकटीपाशी आल्या की पुढच्या विषयाकडे वळतात. मला त्याचा राग येत नाही. आई मात्र अजून अधूनमधून विचारते, त्या बाईचा फोन आलता का रे. मी म्हणतो, येत असतो. ती म्हणते, मला दे की कधीतरी. मी देतो म्हणतो.